खोड दाखवणारा कॅमेरा

कौतिक आबांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या निम्म्या ओळखी तशाच झाल्यात, त्यात विशेष काही नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी गुरांच्या बाजारात जनावरांना पाणी प्यायला हौद पाहिजे म्हणून आम्ही पंधरा-वीस जण फाटकापाशी ठाण मांडून बसलो होतो. रिक्षावर भोंगा बांधलेला, माईक माझ्या हातात आणि डोकं उन्हाने आधीच तापलेलं. तेवढ्यात पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि खांद्यावर लाल रुमाल अशा वेशातला एक उंच म्हातारा शांतपणे चालत आला.

"तुन्हा भोंगा जरासा तिकडे फिराव रे भो," तो म्हणाला. "बैल बिचकतस."

"आम्ही बैलांसाठीच बसलोय इथे!" मी माईकवरच ओरडलो.

त्यासरशी मागचे चार बैल खरोखर बिचकले आणि एकाने दावं तोडलं. त्याच्यामागे सगळ्यांत आधी धावला तो हाच म्हातारा. बैलाला धरून आणला, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "पाणी मांग, चांगलं शे. पन हळू मांग."

मी अर्थातच हळू मागितलं नाही. हौद मात्र झाला. त्याचं श्रेय मी भोंग्याला देतो, आबा त्या तुटलेल्या दाव्याला देतात. हा वाद अजून मिटलेला नाही.

आबा नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. चाळीस वर्षं बैलांची दलाली केली. म्हणजे विकणारा एक, घेणारा दुसरा आणि मध्ये आबा. आमच्याकडे दलाल म्हटलं की माझ्यासारख्या माणसाचा हात आपोआप चपलेकडे जातो. पण आबांची तऱ्हा न्यारी. बाजारात बाकीचे लोक बैलाची शिंगं तेल लावून चकाकवतात, अंगाला हात मारून तो किती कसदार आहे ते सांगतात, आणि खोड कोणी विचारलीच तर खोकतात. आबा उलटे. बैलापाशी गेले की पहिलं वाक्य खोडीचं. "हाऊ बैल गाडीले चांगला, पन पान्यात उतरत नही." "येना खांदा एकदा सुजेल व्हता." त्यानंतर दात, मग चाल, आणि सगळ्यात शेवटी रुमालाखाली बोटं धरून भाव. आधी खोड, मग भाव. विकणारे चिडायचे आणि तरी बैल आबांकडेच आणायचे, कारण आबांनी सांगितलेल्या खोडीपलीकडे बैलात दुसरी खोड निघत नाही हे घेणाऱ्याला माहीत असायचं. पार साक्री, शिरपूर, चोपड्यापर्यंत.

तीन वर्षांपूर्वी आबांची सून मोहिनी हिने त्यांना मोबाईलवर आणलं. मोहिनी जामनेरकडची, बी.ए. झालेली, तोंडाने फटकळ. नवरा एमआयडीसीत पाळीवर असतो आणि घरात बैलांशिवाय बोलायला कोणी नाही, मग करायचं काय, म्हणून तिने सासऱ्यांचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली. चॅनेलचं नाव 'आबांचा बाजार'. आबा बैलाभोवती फिरतात, खोड सांगतात, दात दाखवतात, बैल चालवून दाखवतात. एवढंच. त्यात ना गाणं, ना नाच. तरी लोक बघायला लागले. मुंबईत रिक्षा चालवणारे आमचे लोकसुद्धा बघायचे, ज्यांना आता आयुष्यात बैल घ्यायचा नाही असे. मोहिनी म्हणायची, "आबा, लोक तुम्हाला बघतात, बैलाला नाही." आबा लाजायचे आणि दुसऱ्या दिवशी टोपी कडक इस्त्रीची घालायचे.

आणि मग धनसिंगचा बैल आला.

धनसिंग हा पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरचा शेतकरी. आबांचं जुनं गिऱ्हाईक. त्याला जोडी पाहिजे होती आणि शेतातलं काम सोडून बाजारात येणं जमत नव्हतं, म्हणून त्याने व्हिडिओ बघून जोडी मागवली. दोन पांढरे गावरान बैल पिकअपमधून गेले. चौथ्या दिवशी फोन आला.

"आबा, उजवा बैल लंगडतो. तुम्ही खोड सांगितली नाहीत."

"सांगितली ना भो. मागचा उजवा पाय, जुना मार. नांगराला चालेल, गाडीला जुंपू नको."

"मी तीनदा पाहिला व्हिडिओ. नाही सांगितली आबा."

घरात व्हिडिओ लावला गेला. आबांचे ओठ हलताना दिसत होते. हात पायाकडे दाखवतानाही दिसत होता. पण ऐकू काय येत होतं? "सावली द्या! सावली द्या! जनावराला सावली द्या!"

तो भोंगा माझा होता. त्या दिवशी मी बाजारात पत्र्याची शेड मागत होतो.

आणि चाल? मोहिनी मोबाईल घेऊन बैलाच्या बाजूने पळत होती, त्यामुळे बैल, आभाळ, फाटक आणि आबांचं धोतर हे सगळंच लंगडत होतं. त्यात एका बैलाचं लंगडणं कोणाला वेगळं दिसणार?

आबा स्वतः पिंपळनेरला गेले. पैसे परत केले आणि बैल घेऊन आले. जोडीतला दुसरा बैल धनसिंगने ठेवला, त्याच्यात खोट नव्हती. त्याने आबांना जेवू घातलं, फाट्यापर्यंत सोडायला आला आणि निघताना एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी मी स्वतः येऊन बघत जाईन आबा."

बाहेरच्या माणसाला हे साधं वाक्य वाटेल. बाजारात ही थोबाडीत असते. चाळीस वर्षं ज्याच्या शब्दावर माणूस डोळे मिटून बैल नेत होता, त्याला तो सांगतोय की आता मी डोळे उघडे ठेवीन. वर बाजारात चेष्टा सुरू झाली ती वेगळीच. शालिग्राम नावाचा आबांचा जुना दोस्त, तोही दलालच, सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा आता यूट्यूबवर लंगडं विकतस!"

आबांनी मोहिनीला सांगितलं, "बंद. मन्हा शब्द लोकेसले ऐकू जाई आणि बैलना पाय लोकेसले दिसी, तवयच चालू."

माझं मन मला खाऊ लागलं. मी सहसा माफी मागत नाही. सवय नाही. त्याऐवजी मी त्यांच्या घरी गेलो आणि भोंगा हा लोकशाहीतला हक्क कसा आहे ते तासभर सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. मोहिनी चहाचा कप आपटत म्हणाली, "भाऊ, हक्क राहू द्या. जळगावला चला आमच्यासोबत. कॅमेरा घ्यायचाय. दुकानदारांशी भांडायला माणूस लागतो."

मला निमंत्रण आवडलं.

मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही तिघं नरडाण्याहून गाडीत बसलो आणि जळगावला उतरलो. मोहिनीने महिनाभर मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघून कागद तयार केला होता: स्क्रीन पुढे वळली पाहिजे, बाहेरचा माईक लावता आला पाहिजे, वजन कमी पाहिजे, बॅटरी बाजार उठेपर्यंत टिकली पाहिजे. चॅनेलचे साठलेले पैसे तिच्या पर्समध्ये होते आणि पर्स पोटाशी धरलेली होती.

दुकान थंडगार. मालक प्रेमराज, तिशीचा, दाढी कोरलेली, बोलणं गोड. त्याने आधी मोठा कॅमेरा काढला. पुढे हाताएवढी लेन्स. लग्नात शूटिंगवाले घेऊन फिरतात तसला.

आबा शहरात आले की अहिराणी बाजूला ठेवून मराठी बोलतात. ते म्हणाले, "हा नको. एवढा मोठा डोळा समोर आला तर बैल मान टाकतो आणि माणूस छाती काढतो. दोघंही खोटे दिसतात. मुठीत मावणारा दाखवा."

"मग मिररलेसमधले छोटे दाखवतो. व्लॉगिंगवाले हेच नेतात," प्रेमराज म्हणाला आणि त्याने काचेवर तीन छोटे कॅमेरे मांडले. तिन्ही काळे, तिन्ही माझ्या डोळ्यांना सारखेच.

आबांनी पहिला उचलला. मागून बघितला, खालून बघितला, कडेवर नख फिरवलं, स्क्रीन उघडली, मिटली, परत उघडली.

"किती दाती?"

प्रेमराज गोंधळला. मोहिनीने ओठ चावला.

"वय विचारतायत," मी म्हणालो.

"हां! मॉडेल मागच्या वर्षीचं आहे आबा. चोवीस मेगापिक्सल."

"चोवीस? म्हणजे पुऱ्या तोंडाचा, ऐन वयातला झाला." आबा खूश दिसले. "आता चालवून बघू."

"बघा ना. इथंच बघा." प्रेमराजने हात केला. तिन्ही कॅमेऱ्यांना मागून एकेक तार होती आणि ती तार टेबलाखाली खिळ्याला बांधलेली होती. दीड हाताच्या पुढे कॅमेरा हलत नव्हता.

आबांनी ती तार बोटाने उचलून धरली. "हे दावं आहे का?"

"चोरी होते ना आबा, म्हणून."

"दाव्याला बांधलेल्या बैलाची चाल कशी कळेल? बाहेर काढा. रस्त्यावर चालवून बघू."

"बाहेर नाही देता येणार. दुकानाचा नियम आहे."

आता माझी पाळी होती. मी काउंटरवर हात आपटला. ग्राहकाचा हक्क, मालाची तपासणी, शेतकऱ्याची फसवणूक, सगळं एका दमात काढलं. "नियम कोणी केला? कुठे लिहिलाय? दाखवा!" दुकानातली दोन गिऱ्हाइकं हळूच बाहेर सरकली. प्रेमराजचा गोड आवाज आटला. "दादा, तुम्हाला घ्यायचं असेल तर घ्या. नसेल तर ग्राहक मंचात जा."

"जातोच!"

"नेता," आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, बाहेर पानी पी ये."

मोहिनीनेही मला डोळ्यांनी दार दाखवलं. मी बाहेर जाऊन उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभा राहिलो. राग आला की मला काचेतून बघत बसायची सवय आहे. आत आबा प्रेमराजच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होते. आधी प्रेमराज मान हलवत राहिला. मग तो हसला. मग चक्क खाली वाकून त्याने तार सोडली.

आबांनी त्याला काय सांगितलं ते मला नंतर मोहिनीने सांगितलं. बाजारात बैल चालवून बघायला देताना धनी कासरा सोडत नाही, बैलाबरोबर स्वतः चालतो. घेणाऱ्याचीही खात्री होते आणि धन्याचीही. "तसा तू पट्टा धर आणि आमच्यासोबत चाल," आबा म्हणाले होते. "तुझा बैल तुझ्या हातात. आम्ही फक्त चाल बघतो."

तर जळगावच्या भर रस्त्यावर, अकराच्या उन्हात, वरात निघाली. मोहिनीच्या हातात कॅमेरा, कॅमेऱ्याचा पट्टा प्रेमराजच्या मुठीत, मागे आबा.

"आता एक लंगडं जनावर लागेल," आबा म्हणाले.

सगळ्यांनी रस्त्यावर नजर टाकली. एक गाय होती, पण ती चांगली चारी पायांनी चालत होती. एक कुत्रा झोपलेला होता. मग हळूहळू आबांची नजर माझ्याकडे वळली. त्यांच्यामागे मोहिनीची. त्यामागे प्रेमराजची.

"काय?" मी म्हणालो.

"डावा गुडघा," आबा म्हणाले.

"मी लंगडत नाही!"

"भाऊ..." मोहिनी रस्त्याकडे बघत म्हणाली.

"तीन वर्षं बघतोय," आबा म्हणाले. "डावा पाय टेकला की तुझी मान खाली जाते."

तीन वर्षांपूर्वी एका मोर्चात माझा गुडघा दुखावला होता हे खरं. लोक म्हणतात पळताना. मी पळत नव्हतो, मी मागे सरकत होतो. पण तो कधीच बरा झाला असं मी सर्वांना सांगितलं होतं आणि कोणी काही बोललं नव्हतं. मला वाटलं होतं, कोणाला दिसत नाही.

"चाल रे भो," आबा म्हणाले. आता आवाजात ते बैलाशी बोलताना असतं तसं काहीतरी होतं. "या झाडापासून त्या रसाच्या गाडीपर्यंत. जा आणि ये."

मी चाललो. तीन कॅमेरे म्हणजे तीन फेऱ्या. रसवाला दुसऱ्या फेरीला म्हणाला, "नेते, इलेक्शनला उभे राहताय का?" मी त्याला उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग दुकानात पंख्याखाली बसून आम्ही तिन्ही व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बघितले.

पहिल्या कॅमेऱ्यात मी मंत्र्यासारखा दिसत होतो. मागची गर्दी धूसर, चेहरा उजळ, आणि चाल? पाण्यावरून नाव सरकावी तशी. मी मधोमध आणि रस्ता माझ्यामागून आपोआप वाहतोय.

"भाऊ, काय रुबाबात चाललाय!" मोहिनी म्हणाली.

"हाच घ्या," मी ताबडतोब म्हणालो. "यात वादच नाही."

"हा आमचा सगळ्यात भारी पीस," प्रेमराज म्हणाला. "याच्यात माणूस कसाही हलला तरी कॅमेरा त्याला धरून ठेवतो. चेहरा फ्रेमच्या मधून हलू देत नाही."

आबा पडद्याजवळ गेले. "याची मान का नाही हलत?"

"तेच सांगतोय ना आबा. कॅमेरा सांभाळून घेतो."

"म्हणजे खोड झाकतो."

"तसं नाही. ते बंदही करता येतं."

"बंद करता येतं म्हणजे चालूही करता येतं," आबा म्हणाले. "आज मी बंद ठेवीन. उद्या घाई असेल, बैल देखणा असेल, धनी दोस्त असेल. मग? परत ठेव त्याला."

मोहिनीचं तोंड उतरलं. तिला तोच आवडला होता, आणि मलाही. आम्ही दोघं एका बाजूला आणि आबा दुसऱ्या बाजूला असं पाच मिनिटं चाललं. मी म्हणालो, लोकांना छान दिसतं तेच आवडतं. मोहिनी म्हणाली, बाकीचे सगळे व्लॉगर हाच वापरतात. आबांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि प्रेमराजला म्हणाले, "दुसरा लाव."

दुसऱ्यात सगळंच उड्या मारत होतं. मोहिनीचं एकेक पाऊल मोजता आलं असतं. तो आपोआपच बाद झाला.

तिसरा लावला. तिघांत हाच सर्वांत लहान, दिसायला साधा. रस्ता स्थिर होता, झाड स्थिर होतं, रसाची गाडी स्थिर होती. आणि त्या स्थिर चित्रात एक माणूस लंगडत येत होता. डावा पाय टेकला की मान खाली. टेकला की खाली. खांदा एका बाजूला पडलेला, हात जोरात हलवून चाल झाकायचा प्रयत्न चाललेला. मी पन्नास वर्षांचा आहे. स्वतःला असं चालताना मी कधी बघितलं नव्हतं.

मी म्हणालो, "बंद करा आता, कळलं."

"हाऊ खरं बोलस," आबा म्हणाले. त्यांची अहिराणी परत आली होती. "मोहिनीना हात हालस ते येनी थांबाडं. पाय हालस ते तसंच ठेवं. हाऊच लेवो."

मग आवाजाची परीक्षा. मोहिनीने छोटा माईक लावला, त्याच्यावर वारा अडवणारी केसाळ टोपी चढवली. आबा परत फुटपाथवर गेले. रस्त्यावर ट्रक, रिक्षा, दोन लग्नाच्या गाड्या. आबा दहा पावलांवरून, बाजारात बोलतात तसेच हळू बोलले. आत येऊन ऐकलं. हॉर्न वाजत होते आणि त्या सगळ्यातून स्वच्छ आबांचा आवाज: "डावा गुडघा. बाकी जनावर चांगलं. फक्त ओरडतं."

प्रेमराज एवढा हसला की त्याला बसावं लागलं. आमचं भांडण तिथेच संपलं.

भाव करायची वेळ आली तेव्हा आबांनी खांद्यावरचा रुमाल काढून प्रेमराजच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. प्रेमराजला गुदगुल्या झाल्या. मग आबांनी त्याला शिकवलं, कोणतं बोट म्हणजे काय, मूठ म्हणजे काय. दोघं पाच मिनिटं रुमालाखाली झटापट करत होते. मोहिनी पर्स घट्ट धरून बघत होती. आकडा शेवटी काय ठरला ते मला कोणी सांगितलं नाही. रुमालाखालचं रुमालाखालीच राहतं. एवढंच कळलं की केसाळ टोपी आणि एक जास्तीची बॅटरी वर मिळाली.

आणि इथे एक घोळ झाला. प्रेमराजने खोका बांधून दिला तेव्हा आबांनी तो उघडून आतला गळ्यात अडकवायचा पट्टा काढला आणि त्याच्या हातात परत दिला.

"हे दावं तुझं. आम्ही आमचं बांधतो."

आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. ते धन्याच्या खुंट्यावर राहतं. आबांच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. प्रेमराजला वाटलं, ही काहीतरी आशीर्वादाची गोष्ट आहे. त्याने पट्टा कपाळाला लावून आत ठेवला. मोहिनीला हे गाडीत बसल्यावर अमळनेरच्या आसपास कळलं.

"आबा! पट्टा पैशात होता!"

"दावं कोन लेस का?"

"तो बैल नाही, कॅमेरा आहे!"

"मंग तू त्याले किती दाती शे ते काबर लिखी लिधं?" आबांनी विचारलं. मोहिनीने खरोखर कागदावर 'चोवीस' लिहून ठेवलं होतं. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते. घरी गेल्यावर आबांनी पांढऱ्या-लाल सुताची बारीक कासऱ्यासारखी दोरी वळली आणि कॅमेऱ्याला बांधून दिली. प्रेमराजच्या पट्ट्यापेक्षा ती चांगली दिसते, हे मला मान्य करावं लागेल.

पुढच्या आठवड्यात धुळ्याच्या बाजारात आबा, मोहिनी आणि मी हजर. या वेळी मी भोंगा आणला नव्हता, हे लिहून ठेवतो.

शालिग्रामने सकाळीच गाठलं. "काय आबा, सूनबाईंच्या गळ्यात कासरा घातला काय!"

"कासरा तुन्हासाठी बी शे," आबा म्हणाले. "तुन्ही जोडी दाखाड."

शालिग्रामकडे निमाडी बैलांची एक जोडी होती. तांबडे, अंगावर पांढरे ठिपके, बघत राहावं असे. आबांनी दोघांचे दात बघितले, खुरांवरून बोट फिरवलं, दोघांना थोडं चालवलं आणि काहीही बोलले नाहीत. आबा बैलापाशी जाऊन गप्प राहिले हे बाजारात पहिल्यांदाच घडत होतं. शालिग्राम अस्वस्थ झाला.

"बोल की. खोड काढ."

"आज मी नही बोलत. मोहिनी, धर कॅमेरा. शालिग्राम, आधी डावा चालव."

मोहिनी डाव्या बैलाच्या बाजूने चालत गेली आणि आली. तो एवढाच तुकडा, आबांच्या आवाजाशिवाय, तिने मोबाईलवर घेतला आणि आबांनी तो धनसिंगला पाठवला. सोबत आवाजी निरोप: "धनसिंग, मी काही सांगत नाही. तू बघ आणि तू सांग."

मग आम्ही एका झाडाच्या सावलीत बसलो. आबांनी तंबाखू काढली, मळली, तोंडात टाकायची विसरले आणि परत चुन्याची डबी शोधू लागले. मोहिनी दर मिनिटाला मोबाईल बघत होती. मी म्हणालो, "तिकडे रेंज नसेल." आबा म्हणाले, "रेंज शे. तो देखी राहना." कॅमेरा चांगला होता, ते त्यांना माहीत होतं. धनसिंग अजून त्यांच्या पाठवलेल्या गोष्टीकडे बघायला तयार आहे का, एवढंच माहीत नव्हतं.

वीस मिनिटांनी फोन वाजला. मोहिनीने आवाज मोठा केला.

"आबा," धनसिंग म्हणाला, "डावा पुढचा पाय. टेकला की मान झटकतो. खुरात काहीतरी आहे. बरोबर?"

आबांनी डोळे मिटले. "बरोबर. भेग शे खुरमा."

"मी सांगणारच होतो!" शालिग्राम मागून ओरडला. "कोणी विचारलं असतं तर!"

"तो कोण ओरडतोय?"

"बैलाचा धनी," आबा म्हणाले. "त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नको."

पलीकडे धनसिंग हसला. मग म्हणाला, "आबा, जोडीतला दुसरा कसा आहे? माझ्याकडचा एकटाच उभा आहे. पेरणी तोंडावर आली. जोड लागते मला. पण पुढच्या आठवड्यात तिकडे येणं काही जमत नाही."

मोहिनीने माझा हात इतक्या जोरात धरला की माझ्या तोंडून शिवी निघाली.

"उजव्याचा व्हिडिओ पाठवतो," आबा म्हणाले.

"पाठवा. पण आबा, बोलू नका. नुसता चालवा. मी बघतो."

चाळीस वर्षं बोलणं हाच ज्याचा धंदा, त्याला गिऱ्हाइकाने गप्प राहायला सांगितलं होतं. आबांच्या चेहऱ्यावर क्षणभर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी टोपी सारखी केली आणि शालिग्रामला म्हणाले, "सोड त्याले."

उजवा बैल निघाला. सरळ, हलका, मान वर. मोहिनी सोबत. पाच पावलं. सात. आबा ओठ घट्ट मिटून बघत होते. दहाव्या पावलाला त्यांना राहवलं नाही.

"पान्याना हौदवर शेजारना बैलले ढुशी मारस!" ते ओरडले. "बाकी काही खोड नही!"

"आबा!" मोहिनी दबक्या आवाजात किंचाळली, पण तिने कॅमेरा हलू दिला नाही.

"मन्हा बैलनी बदनामी!" शालिग्राम ओरडला.

तो व्हिडिओ तसाच गेला. परत काढायचा की नाही यावर आमच्यात वाद सुरू होता, तेवढ्यात मोहिनीच्या मोबाईलवर निरोप आला. तिने वाचला आणि फोन आबांच्या डोळ्यांसमोर धरला. आबांना लहान अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी मोठ्याने वाचला, माझ्या नेहमीच्या आवाजात, आणि मागचे दोन बैल बिचकले.

"चाल दिसली. खोडही ऐकू आली. बैल पाठवा."